सिंदखेडहून कुलाब्यास

पर्जन्याचे जे पाणी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पडते, ते दोन वाटांनी समुद्रास मिळते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस पडलेले पाणी पूर्णेतून तापीस आणि तापीतून पश्चिम समुद्रास जाते. घाटावर पडलेले पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या मार्गाने गोदावरीस मिळून पूर्व समुद्र गाठते. अशा रीतीने आमच्या जिल्ह्याच्या पाण्यास दोन्ही समुद्रांचे दर्शन घडते. परंतु येथील माणसांपैकी किती जणांस जन्मात एकदा तरी समुद्र पाहावयास मिळतो, हे सांगणे कठीण आहे. खारे पाणी म्हणून आम्हांस ठाऊक ते एक लोणारच्या विवरातले. आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या पाषाणात जवळजवळ दोन किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला आणि त्यात हे सरोवर साठले. त्यात ना भरती, ना ओहोटी, ना नाव, ना नावाडी. अशा प्रदेशातील एका जन्मभर संस्कृत शिकविलेल्या शिक्षकाने आरमाराविषयी लिहावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. म्हणून त्याचे कारण प्रथम सांगतो.

१९९९ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. कारगिलच्या युद्धाच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली होती. साखरखेर्ड्याच्या बाजूच्या एका खेड्यातील आमचा विद्यार्थी नुकताच बारावी उत्तीर्ण झाला होता, व त्याने सैन्यात जाण्याचा ध्यास घेतला होता. मुलगा एकुलता एक. त्याचे वडील आमच्याकडे आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "गुरुजी, पोरगं काही आयकत नाही. तुमचं आयकते. तुमीच सांगा." मुलाचा उत्साह मोडू नये आणि बापाच्या जिवासही स्वस्थता लाभावी, असा मध्यम मार्ग आम्ही शोधला. आम्ही म्हणालो, "त्याला आरमारात जाऊ द्या. आरमारातला शिपाई जहाजावर असतो. त्याला डोंगर चढावा लागत नाही की खंदकात बसावे लागत नाही." मुलगा पट्टीचा पोहणारा होता, पाठीस भोपळा बांधून गावच्या विहिरीत शिकलेला. ओरिसात चिल्का सरोवराच्या काठी आरमाराची नवशिक्यांसाठी जी शाळा आहे, तेथे तो रवाना झाला आणि आम्ही एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात राहिलो.

तीन-चार वर्षे लोटली. एके दिवशी त्याचे वडील पुन्हा आले. ओसरीवर त्याच जागी बसले. मुलाचे पत्र त्यांनी आमच्यापुढे ठेवले. पत्र काश्मिरातून आले होते. वुलर नावाच्या सरोवराच्या काठी तो बंदूक घेऊन गस्तीवर होता. आम्ही पत्र वाचून खाली ठेवल्यावर ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, काश्मिरात समुंदर कुठी हाय?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. चहा घेऊन ते निघून गेले. तो प्रश्न मात्र राहिला.

मुलगा पुढे सुखरूप परत आला. पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून तो आता गावी शेती पाहतो. पण आपण अज्ञानाने एका बापास खोटा भरवसा दिला, ही रुखरुख आमच्या मनातून गेली नाही. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळू लागला, तेव्हा खलाशांनी जमिनीवर उतरून पायदळासारखे लढण्याचा प्रकार जगात कोठे कोठे घडला, हे आम्ही मिळेल त्या पुस्तकांतून वाचू लागलो. वाचता वाचता असे ध्यानी आले, की त्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, अलिबागेच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्याच्या तटाखाली घडलेले आहे. ते स्थळ डोळ्यांनी पाहावे असे ठरवून गेल्या मार्गशीर्षात आम्ही निघालो.

निघण्यापूर्वी सिंदखेडराजास जाऊन लखुजीराव जाधवांच्या वाड्याचे दर्शन घेतले. याच वाड्यात १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला. त्या भव्य दरवाजातून बाहेर पाहिले असता दिसते ते कोरडे माळरान. पाणी म्हणावयाचे तर मोती तलावाचे. परंतु या वाड्यात जन्मलेल्या मातेच्या पुत्राने पुढे कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधावयास आरंभ केला आणि समुद्रात दुर्ग उभारले. समुद्राची दृष्टी समुद्राकाठीच जन्मावी लागते असे नाही, हा विचार मनात घेऊन आम्ही जालन्यास रात्रीची आगगाडी धरली.

मुंबईस अलिबागेची वाट भारतद्वारापासून सुरू होते. तेथून मांडव्यास जाणाऱ्या यांत्रिक नौका सुटतात. नौकेची वेळ व्हावयाची होती, म्हणून आम्ही समोरच्या ताजमहाल हॉटेलाकडे पाहत उभे राहिलो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री येथे जो अनर्थ घडला तो सर्वांस स्मरत असेलच. त्या रात्री राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान दिल्लीकडून येऊन पोहोचण्यापूर्वी या वास्तूच्या अंधाऱ्या दालनांत प्रथम शिरले ते नौसेनेचे कमांडो. १९८७ साली उभारलेले हे दल सागरी कामगिरीसाठी शिकविलेले. पण त्या पहाटे त्यांनी गालिच्यांवरून आणि जिन्यांवरून, धुराने कोंदलेल्या खोल्यांतून लढाई केली. त्यामुळे अडकून पडलेल्या कित्येक पाहुण्यांची सुटका होऊ शकली. समुद्र तेथून शंभर पावलांवर होता, आणि त्याचा त्यांस काडीचा उपयोग नव्हता. वुलर सरोवराच्या काठी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून पहारा देत आले तेही याच दलाचे लोक. आमचा विद्यार्थी त्यांच्यांतलाच.

तासाभरात मांडवा, तेथून मोटारीने अलिबाग. किल्ल्यात पायी जावयाचे तर ओहोटीची वेळ साधावी लागते. भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची रीत मोठी सोपी आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास येतो. आम्ही पोहोचलो तो अष्टमीचा दिवस. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. जन्मभर पंचांग हाताळूनही तिथीचा हा उपयोग आम्हांस ठाऊक नव्हता! दुपारी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, ओल्या वाळूवरून आणि निसरड्या खडकांवरून आम्ही चालत निघालो. डाव्या-उजव्या बाजूस समुद्र मागे सरून वाट पाहत असल्यासारखा दिसत होता. किल्ला समोर दिसतो त्याहून दूर निघतो. साठी उलटलेल्या पायांस ते अंतर चांगलेच जाणवले, आणि मनात आले की पाठीवर ओझे, हातात बंदूक, डोक्यावर तटावरून येणारे गोळे आणि मागून चढणारे पाणी अशा स्थितीत याच खडकांवरून ज्यांस धावावे लागले, त्यांची अवस्था काय झाली असेल?

किल्ल्याचे काम शिवछत्रपतींच्या अखेरच्या दिवसांत, १६८० साली, सुरू झाले. कान्होजी आंग्र्यांच्या काळी ते मराठी आरमाराचे मुख्य ठाणे बनले. उत्तरेस सर्जेकोट हे जोडदुर्गासारखे छोटे ठाणे आहे. आत १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधविलेले गणेशाचे देवालय, व त्यासमोर गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंस खारट समुद्र आणि मध्ये हे गोडे पाणी! ज्या दुर्गात पिण्याचे पाणी आहे त्यास वेढ्याचे भय निम्मे असते. आम्ही ओंजळभर पाणी डोळ्यांस लावले, देवदर्शन घेतले आणि तटावर जाऊन बसलो.

आता १७२१ सालची कथा. मुंबईकर इंग्रज आणि गोवेकर पोर्तुगीज या दोघांसही कान्होजींचा जाच असह्य झाला होता. मुंबईचा अध्यक्ष चार्ल्स बून याने त्या वर्षी पोर्तुगीजांशी तह करून कुलाबा घेण्याचा घाट घातला. त्याच सुमारास मादागास्कराकडील चाच्यांचे पारिपत्य करण्यासाठी इंग्लंडच्या राजाने धाडलेली चार लढाऊ जहाजे मुंबईस येऊन दाखल झाली. त्यांचा मुख्य कमोडोर थॉमस मॅथ्यूज. डिसेंबरात चौलजवळ उभय सैन्ये एकवटून अलिबागेवर चालून आली. या भूसेनेत कंपनीच्या शिपायांबरोबर राजाच्या जहाजांवरील अधिकारी आणि खलाशीही उतरविले होते. तटास शिड्या लावून चढावयाचे हे काम. आणि डोलकाठीवर चढणाऱ्यास तटाचे काय भय, असा हिशेब त्यात असावा. हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. सॅलिसबरी जहाजावरील क्लेमंट डाउनिंग नावाच्या एका तरुण उमेदवाराने या मोहिमेची हकीकत पुढे लिहून १७३७ साली छापविली. जहाजांवरून आलेली ही मंडळी भित्री होती असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु किल्ल्यात होते कोण? तेही दर्यावर्दीच! आंग्र्यांच्या आरमारात कोळी, भंडारी आदी किनाऱ्यावरच्या जातींचे लोक असत. त्यांच्या गलबतांस चाळीस-पन्नास वल्ही असत, गुराबा त्यांहून मोठ्या. शत्रूच्या जहाजावर तोफा डागून त्याची शिडे निकामी करावयाची, मग त्यास बिलगून तलवारी उपसून वर चढावयाचे, ही त्यांची युद्धपद्धती. म्हणजे मराठी खलाशी जहाजावरही पायदळासारखाच लढत असे. त्याची रणभूमी लाकडाची, एवढाच फरक. त्याच माणसास तटावर उभे केले तर त्यास नवीन काही शिकावे लागत नसे. शिवाय कान्होजींच्या साह्यास शाहू छत्रपतींनी घाटावरून फौज धाडली होती. पिलाजी जाधव घोडदळ घेऊन आले आणि नुकतेच पेशवे झालेले, अवघे एकवीस वर्षांचे बाजीराव हेही आले.

इंग्रजांनी तटावर हल्ला करावा आणि पोर्तुगीजांनी मराठी फौजेपासून त्यांची बाजू सांभाळावी, अशी वाटणी ठरली होती. मराठी घोडदळ पोर्तुगीजांवर तुटून पडताच त्यांची फळी मोडली. तटाखाली गुंतलेल्या इंग्रजांची बाजू उघडी पडली. ते मागे हटले, पुष्कळ माणसे गमावून बसले आणि तोफा व दारूगोळा तेथेच टाकून निघाले. मॅथ्यूजची फजिती तर अशी, की एका मराठी स्वाराने त्याच्या मांडीत भाला मारला, हा त्याच्या मागे लागला, पिस्तुलाचा चाप ओढला आणि पाहतो तो पिस्तुले भरलेलीच नव्हती! संतापाच्या भरात त्याने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात छडी खुपसली, असाही वृत्तांत आहे. १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी बाजीरावांशी निराळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. कान्होजी १७२९ साली निवर्तले तोपर्यंत त्यांस कोणी जिंकू शकले नाही. मॅथ्यूज पुढे मोठा नौसेनापती झाला खरा, पण १७४४ सालच्या तुलाँच्या लढाईनंतर चौकशी होऊन त्यास आरमारातून काढून टाकण्यात आले. तेथेही हाताखालच्या वरिष्ठ अधिकाऱ्याशी त्याचे पटत नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात देश आणि काल यांच्या बलाबलाचा विचार करताना मगर आणि कुत्रा यांचे उदाहरण घेतले आहे. जमिनीवर कुत्रा मगरीस ओढतो आणि पाण्यात मगर कुत्र्यास ओढते. कुलाब्याची कथा वाचून प्रथम आम्हांस वाटले, की हे त्या वचनाचे भाष्यच झाले. जहाजावरून उतरलेली मगर वाळूवर सापडली आणि ओढली गेली. परंतु तटावर बसून, ती वाट डोळ्यांपुढे ठेवून विचार केला तेव्हा हा अर्थ अपुरा वाटू लागला. आत लढणारेही पाण्याचेच जीव होते. मग बाहेरच्यांचा पराभव ते खलाशी होते म्हणून झाला की शेजारची फळी विश्वासाची नव्हती म्हणून झाला?

या शंकेचे उत्तर दूरदेशच्या एका इतिहासात सापडते. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडच्या आरमारापाशी जहाजांवर जागा उरली नाही इतके राखीव खलाशी जमले. चर्चिलसाहेब तेव्हा आरमारखात्याचे मंत्री. त्यांनी या खलाशांचे पायदळ बनविले आणि पुरते शिक्षण होण्यापूर्वीच ऑक्टोबरात बेल्जममधील अँटवर्प शहराच्या रक्षणास धाडले. शहर पडले, आणि त्यांच्यापैकी सुमारे पंधराशे जणांस हॉलंडच्या हद्दीत शिरून युद्ध संपेपर्यंत तेथे अडकून पडावे लागले. मगर वाळूवर आली ती अशी. परंतु तेच दल पुढे गॅलिपोलीत लढले, आणि १९१६ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये आंक्र नदीकाठी बोकूर हे गाव त्याने काबीज केले. चिखलाच्या खंदकातही ते दाढी राखीत, घंटा वाजवून वेळ मोजीत, आणि छावणीबाहेर जावयाचे असल्यास 'किनाऱ्यावर जाण्याची' परवानगी मागत. त्यांच्या पलटणींस जुन्या नौसेनापतींची नावे होती. भूसेनेच्या काही अधिकाऱ्यांस हे खपत नसे. आम्हांस मात्र त्यात अर्थ दिसतो. मनुष्यास परक्या भूमीवर उभे राहावयाचे असेल, तर आपले म्हणून काहीतरी बरोबर न्यावे लागते. दोन वर्षांत त्या दलास तीन गोष्टी मिळाल्या: शिक्षण, सोबत्यांवर विश्वास आणि आपलेपणाची खूण. १७२१ साली मॅथ्यूजच्या लोकांपाशी शौर्य होते. शेजाऱ्यावरचा विश्वास मात्र नव्हता.

तटाखाली पाणी परतू लागले होते. राखणदाराने हाक घातली तसे आम्ही उठलो. मांडव्यावरून मुंबई, मुंबईहून जालना असा प्रवास करून घरी आलो. आणि चारच दिवसांनी साखरखेर्ड्याची मोटार धरली.

साखरखेर्डा हे आमच्या जिल्ह्यातील इतिहासप्रसिद्ध स्थळ. १७२४ च्या ऑक्टोबरात येथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई होऊन मुबारिजखान ठार झाला, आणि निजामाची दक्षिणेतील सत्ता कायम झाली. त्या लढाईत बाजीरावांचे साह्य निजामास होते, असे इतिहासकार सांगतात. कुलाब्याच्या वाळूवर उतरलेल्या बाजीरावांचा या काळ्या जमिनीशीही तीन वर्षांत असा संबंध आला. मोटारीच्या खिडकीतून आता दिसतो तो सोयाबीन निघून गेल्यावर पेरलेला हरभरा.

आमचा विद्यार्थी शेतातच भेटला. पाया पडून त्याने खाटेवर बसविले. कुलाब्याची सगळी कथा आम्ही त्यास सांगितली आणि शेवटी मनातली गोष्टही बोललो: "बाळ, आमच्या सांगण्यावरून तू आरमारात गेलास, आणि आरमाराने तुला काश्मिरात धाडले. आम्ही तुझ्या वडिलांचे अपराधी आहोत."

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, मला कोणी धाडलं नाही. त्या दलात स्वतः अर्ज केल्याशिवाय घेत नाहीत. अर्ज करणाऱ्यांतले बहुतेक परत जातात. मी मागून घेतलं होतं."

"हे तुझ्या वडिलांस ठाऊक आहे?"

उत्तर दिले ते बाजूच्या बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याने. दृष्टी मंद झाली आहे, कान शाबूत आहेत. "हाय नं ठाऊक. त्याच पत्रात लिवलं व्हतं त्यानं."

पत्र आम्ही वाचले होते; पण काश्मीर हा शब्द दिसताच पुढचे काही डोळ्यांत शिरले नसावे. आम्ही ओशाळून म्हणालो, "मग त्या दिवशी आपण आम्हांस तसे का विचारलेत?"

"काय इचारलं?"

"काश्मिरात समुद्र कोठे आहे म्हणून."

म्हातारा जरा वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "तसंच इचारलं, गुरुजी. मले ठाऊक नव्हतं. तुमी काई बोललेच नाही."

वीस वर्षे ज्यास आम्ही ठपका समजत होतो, तो साधा प्रश्न होता! एका माणसाने शिक्षकास भूगोल विचारला, आणि शिक्षक आपल्याच अपराधाच्या विचारात गुंतून गप्प राहिला. खोट्या भरवशापेक्षा हा दोष आम्हांस आता मोठा वाटतो.

आम्ही खाली उतरून काडीने मातीत रेघा ओढल्या, आणि त्यांस नीट दिसेना म्हणून त्यांचे बोट धरून त्या रेघांवरून फिरविले. हे वुलर सरोवर. झेलम नदी यात शिरते आणि यातून बाहेर पडते. झेलम चिनाबेस मिळते, तिचे पाणी सिंधूस, आणि सिंधू पश्चिम समुद्रास. मग दुसरी रेघ ओढली. ही आपल्या घाटाखालची पूर्णा. ही तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्रास. तो समुद्रही तोच. कुलाबा त्याच्याच काठी आहे.

त्यांचे बोट दोन्ही रेघा जेथे संपत होत्या तेथे थांबले.

"म्हंजे एकच हाय," ते म्हणाले, आणि सुनेस चहा ठेवावयास सांगितले.